न वाजलेली बेल

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी विजेची बेल आहे. आता मी मुकी आहे, पण एके काळी माझ्या आवाजाने डुलकी घेणारा माणूस ताडकन उभा राहायचा. नर्सच्या टेबलामागच्या भिंतीवर मला ठोकले होते आणि माझी तार खिडकीजवळच्या खाटेपर्यंत जायची. तिथल्या रुग्णाने बटण दाबले की मी वाजायचे. मला बंद करायचे बटणही त्या खाटेच्या उशाशीच होते, त्यामुळे कुणीतरी तिथे जाईपर्यंत मी थांबायचे नाव घेत नसे.

माझ्या हाकेला सर्वांत आधी धावायची ती एक सिस्टर. तिच्या पायाला भिंगरीच होती. "आलेच!" म्हणायची आणि खरोखर पोहोचायची. रुग्णांनी तिचे नावच ‘आलेच सिस्टर’ ठेवले होते.

एकदा त्या खाटेवर एक आजोबा आले. पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना शिट्टीवाले आजोबा म्हणत. उशी सरळ करा, पडदा ओढा, सून आली का बघा! शिट्टीची हौस ते माझ्यावर भागवून घ्यायचे. सिस्टर लटक्या रागाने म्हणायची, "आजोबा, कवायत माझी चाललीय हं!" आजोबा बोळके पसरून हसायचे.

एका दुपारी मी वाजले. त्या वेळी दुसऱ्या खाटेवरच्या मुलीच्या जखमेतले रक्त थांबत नव्हते आणि सिस्टरने ती जखम दोन्ही हातांनी दाबून धरली होती. "आलेच!" ती तिथूनच ओरडली. मी वाजत राहिले. ती आली, तेव्हा आजोबांचा अंगठा बटणावरच होता, पण आजोबा गेले होते. मी अजून वाजत होते. तिने मला बंद केले.

"आधी आला असतात, तरी काही करता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. तिने मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला गोळ्या द्यायला गेली. रडायला वॉर्डात जागा नसते.

पुढे वॉर्डात बेलऐवजी खाटेवरचे बटण दाबले की पेटणारे नवे दिवे लागले आणि माझी तार कापली गेली. स्क्रू गंजले होते म्हणून मी तेवढी भिंतीवर राहिले.

आणि तरीही सिस्टर उठायची. टेबलाशी डबा खाताना पहिल्याच घासाला कान टवकारायची, "आलेच!" म्हणत खिडकीपाशी धावायची आणि उशाशी बटण चाचपायची. खाटेवरचा रुग्ण मात्र गाढ झोपलेला असायचा. तार तुटलेली आहे हे मला ठाऊक होते, तरी मनात यायचे, मीच वाजले तर नसेन?

इतरांना याची गंमत वाटे. "ताईचे कान म्हणजे मांजराचे!" वॉर्डातला ब्रदर हसायचा. मेट्रनबाई नव्या मुलींना सांगायच्या, "बघा, हाक मारायच्या आधी उठते ही. शिका काहीतरी!" त्या कौतुकाने ती आणखीच गप्प झाली. डबा न उघडता घरी जाऊ लागला. आईचा फोन आला तर "मी मरत नाहीये, ठेव!" म्हणून खेकसली आणि मग कितीतरी वेळ नळाखाली हात धूत राहिली. मला ओरडून सांगायचे होते, मी वाजले नाही गं! पण बेल स्वतःहून कुठे बोलते?

शेवटी मला काढायला वायरमन आला. त्याने मला उतरवले आणि हातात धरून धूळ पुसू लागला. तेवढ्यात ती उठली. "आलेच!"

"ताई," ब्रदर म्हणाला, "बेल तर याच्या हातात आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. माझी लोंबणारी तार पाहिली.

"मग आजोबा कशावर वाजवतायत?"

कुणीही हसले नाही. मेट्रनबाईंनी तिला खुर्चीवर बसवले. "कधीपासून ऐकू येतंय गं?"

"ते गेले तेव्हापासून. मी आलेच म्हटलं होतं, बाई. म्हटलं, आणि गेले नाही." आणि ती पहिल्यांदा रडली.

"आणि मी कौतुक करत बसले!" बाई पुटपुटल्या. "मागच्या इमारतीतल्या समुपदेशक बाईंकडे आजच जायचं. वॉर्ड मी बघते."

"लोक वेडी म्हणतील मला."

"मग मलाही म्हणू देत," ब्रदर म्हणाला. "मागच्या वर्षी मीही जात होतो त्यांच्याकडे. कुणाला बोललो नाही, एवढंच चुकलं. ऊठ, दारापर्यंत येतो मी."

काही दिवस ती रजेवर होती, पण समुपदेशक बाईंकडे जाणे तिने सोडले नाही. आवाज एकदम गेला नाही. पण आता ती धावत सुटत नाही. घास हातात धरून ब्रदरला विचारते, "आत्ता वाजली का रे?"

"नाही, ताई."

मग ती घास तोंडात घालते. मी तिथेच, नर्सांच्या विश्रांतीच्या खोलीत फळीवर असते. तिनेच मला मागून घेतले. "डोळ्यांसमोर असली की पटतं मला," म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगायला हवे. पण माझे काय, धूळ पुसली की झाले. खाटेवरच्या प्रत्येकाच्या हाताशी बटण असते. त्याच्या हाकेला धावणाऱ्यांच्या हाताशी मात्र नसते. तेव्हा त्यांच्या हाकेची वाट पाहू नका. तुम्हीच जा, शेजारी बसा, "जेवलीस का?" एवढेच विचारा. आणि खरे उत्तर येईपर्यंत उठू नका.