दिव्याभोवतीचं कडं

नवऱ्याला सौंदर्य दिसायला लागलं ते निवृत्त झाल्यावर. त्याआधी त्याने छापखान्यात उभी हयात काढली, तेव्हा पुढ्यातलं जेवण गरम आहे की गार हेही त्याला विचारल्याशिवाय कळत नसे. आणि आता थंडी पडल्यापासून हा गृहस्थ रोज पहाटे कानटोपी चढवून, मफलर गुंडाळून 'सुंदर' बघायला बाहेर पडत होता. तेव्हापासून बायकोच्या कपाळावर जी आठी चढली होती, ती उतरायचं नाव घेत नव्हती.

बायको तयार शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसभर उजेडाच्या टेबलापाशी उभं राहायचं, एकेक शर्ट पसरायचा, चुकलेला टाका किंवा उसवलेली शिवण दिसली की तिथे लाल टिकली चिकटवायची. चांगल्या शर्टाला ती काहीच लावत नसे. चांगलं असणं हे शर्टाचं कामच आहे, त्यात टाळ्या कसल्या वाजवायच्या, असं तिचं म्हणणं. कारखान्यात तिला पाठीमागे 'सुई' म्हणत. हे तिला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

नवऱ्याला हा नाद लावला तो सकाळी फिरायला जाणाऱ्या एका घोळक्याने. घोळक्याचे म्होरके म्हणजे आयुष्यभर शिकवण्या घेऊन आता कुणीच शिकायला उरलं नाही म्हणून कासावीस झालेले एक सर. ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना हिवाळा हा बघण्याचा ऋतू आहे असं खूळ डोक्यात घेऊन आले. लगेच नियम ठरला. चालता चालता प्रत्येकाने रोज एक छोटी सुंदर गोष्ट दाखवायची आणि बाकीच्यांनी थांबून, मान डोलवून, एका सुरात म्हणायचं, "पाहिलं!" नाही म्हणायची सोय नव्हती. 'पण' हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. झालं! चांगली शहाणीसुरती, नातवंडं असलेली माणसं रस्त्यात ठिय्या देऊन कोळ्याच्या जाळ्यावरच्या दवाला आणि एकमेकांच्या तोंडातून निघणाऱ्या वाफेला "पाहिलं!" म्हणू लागली.

"वाफ किटलीतूनही निघते," बायको म्हणायची. "तिच्यापुढे उभे राहा ना, निदान चहा तरी होईल."

नवरा यावर फक्त हसायचा. हे नवीन हसू तिला बिलकूल सहन होत नसे.

या मंडळींत नवऱ्याचा भाव वधारला तो दिव्यांमुळे. पहाटे रस्त्यावरच्या दिव्यांभोवती त्याला रंगीत कडी दिसायची. पहिल्यांदा त्याने ती दाखवली तेव्हा सगळा घोळका म्हणे मिनिटभर माना वर करून उभा राहिला आणि मग जोरात "पाहिलं!" झालं. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. एवढं कौतुक त्याच्या वाट्याला नोकरीत कधी आलं नव्हतं आणि घरात तर तसा धोका नव्हताच. मग काय, स्वारी रोज कड्यांच्या गोष्टी सांगत घरी येऊ लागली.

त्याच्या हातून वस्तूही आता फार सांडू लागल्या होत्या. कप कलंडायचा, खांदा चौकटीवर आपटायचा. "सारखं वर बघत चाललं की असंच होणार," बायको फडकं त्याच्या अंगावर फेकत म्हणायची. संध्याकाळी कपाळ ठणकतं म्हणून तो डोकं धरून बसला, तर म्हणायची, "हिंडा अजून गारठ्यात."

एकदा संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत असताना तो दारात थबकला. छताकडे बघत राहिला.

"अगं, इथेही आहे!"

"काय?"

"कडं. आपल्या दिव्याला. आत निळं, बाहेर तांबडं. घरातल्या घरात, आणि आपण बाहेर हिंडतो!"

बायकोने दिव्याकडे पाहिलं. दिवा होता. त्याच्यावर एक मेलेला किडा होता, जो उद्या पुसायला हवा होता. "मला नाही दिसत," ती म्हणाली.

"ते दिसायला नजर असावी लागते," नवरा हळुवारपणे म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नजर? जिच्या हाताखालून एक तिरका टाका सुटत नाही, तिला हा माणूस नजर शिकवणार? ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत तो? दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. अंधारातच उठून तिने शाल घेतली आणि चपला चढवल्या.

"वा, वहिनी आल्या!" सर आनंदाने म्हणाले. बँकेतल्या निवृत्त मॅनेजरनी टोपी उचलली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नियम समजावून सांगितला आणि 'पण' न म्हणण्याबद्दल गोड दम भरला. पहिल्या दिव्याखाली नवरा थांबला. त्या दिवशी धुकं नव्हतं, हवा स्वच्छ होती. त्याने बोट वर केलं.

"पाहिलं!" सगळे म्हणाले.

"मला नाही दिसत," बायको म्हणाली.

सगळे अवघडले. सर समजुतीच्या स्वरात म्हणाले, "वहिनी, हळूहळू दिसेल. मन मोकळं ठेवा."

"मन राहू द्या. बाहेरचा रंग कुठला, ते सांगा."

"बाहेरचा... सोनेरी," सर म्हणाले.

"हिरवट," मॅनेजर त्याच क्षणी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी जांभळा म्हणून पाहिलं आणि सरांकडे बघून तो मागे घेतला. बायकोला हसू फुटणार होतं. मोठी रसिक माणसं! कारखान्यात हे रोजचंच होतं. एकच डाग तिघांनी तीन जागी दाखवला की तो कापडावर नसतोच. आता या सोंगाढोंगाची सालटी काढायची म्हणून ती नवऱ्याकडे वळली.

"आणि तुमचं?"

"बाहेर तांबडं," तो सहज म्हणाला. "आत निळं. कालच्यासारखंच."

तिचं हसू जागीच विरलं. हा एकटाच खोटं बोलत नव्हता. कालही तेच, आजही तेच, रस्त्यावर तेच आणि स्वयंपाकघरातही तेच. दिव्यात काही नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते बघणाऱ्यात होतं.

"चला," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून तिने त्याला घोळक्यातून बाहेर ओढलं.

"अहो वहिनी, अजून माझी गोष्ट दाखवायची राहिलीय!" सर मागून म्हणाले. तिने जे उत्तर दिलं ते ऐकून 'पण' हा शब्द फारच सभ्य आहे असं त्यांना वाटलं असेल.

डोळ्यांची डॉक्टर वयाने लहान पण स्पष्ट बोलणारी होती. डोळ्यातला दाब वाढलाय, ती म्हणाली. कडी दिसणं, कपाळ दुखणं ही त्याचीच लक्षणं. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. डाव्याला धोका होता, पण तो आता वाचेल. तिने लगेच लेझर केलं, थेंब लिहून दिले. मग विचारलं, "इतके दिवस कुणाला सांगितलं कसं नाहीत?"

"सगळ्यांना सांगितलं," नवरा म्हणाला. "सगळे म्हणाले, पाहिलं."

बायकोला त्या घोळक्याचा इतका संताप आला की हातातली पिशवी तिने चुरगळून टाकली. तिला स्वतःचाही राग आला. रोज उजवीकडचाच कप कलंडायचा, उजवाच खांदा आपटायचा. शर्टावर अशी एकाच बाजूची खोट लागोपाठ आली असती तर तिने अख्खं मशीन बंद करायला लावलं असतं. घरात मात्र तिने फडकं फेकलं होतं. आणि दुसराही डोळा गेला असता तर!

दुपारी दोघं चालत घरी निघाली. ती त्याच्या उजव्या हाताला राहिली.

"इकडून चाल ना," तो म्हणाला. "तिकडे तू दिसत नाहीस."

"मला बघून काय करणार आहात? रस्ता बघा. मी या बाजूचं सांगते." आणि ती सांगू लागली. "खड्डा. सायकलवाला येतोय, थांबा. आता पायरी. हातगाडी लावून ठेवलीय मूर्खाने, इकडे सरका."

ती सांगेल तसा तो पाय टाकत होता. त्याने एकदाही मान वर केली नाही. बरोबर ती होती तरी तो अगदी एकटा दिसत होता.

"दगड आहे," ती म्हणाली. "पुढे नळी पसरलीय, पाय उचला. कुंपणापाशी झाडाखाली पानं पडलीत. पिवळी. सगळ्या पायवाटेवर. ऊन पडलंय त्यांच्यावर."

नवऱ्याने पाय उचलला. मग थांबला.

"त्यांत अडखळण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," ती खेकसली. "तुम्हाला दिसली नसतील म्हणून सांगितलं."