व्हर्डाने पाडलेलं दव

ऑगस्ट लागला की केसलरच्या कॅफेत मला कोणी "कसा आहेस" म्हणून विचारत नाही. "ऑर्लिन, बूट भिजले का?" एवढंच विचारतात, आणि मी तोंड उघडायच्या आत हसायला लागतात. सव्वीस वर्षं हेच चाललंय. मला त्याचा राग येत नाही असं मी म्हणणार नाही.

प्रकरण असं आहे. फेझंटच्या, म्हणजे लांब शेपटीच्या रानकोंबडीसारख्या पक्ष्याच्या, शिकारीचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो आणि यंदा पक्षी किती असतील याचा अंदाज राज्याचं शिकार खातं सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर करतं. तो अंदाज कोणी खुर्चीत बसून काढत नाही. माझ्यासारखी माणसं आपापल्या ठरलेल्या तीस मैलांवरून सूर्य उगवताना रमतगमत गाडी नेतात आणि दिसेल तो पक्षी लिहून घेतात. माझे तीस मैल म्हणजे माझी जुनी टपालाची फेरी. नोकरी सुटली, फेरी सुटली नाही.

एकच अट आहे. दव भरपूर पडलेलं हवं. फेझंटला ओल्या गवतात बसायला अजिबात आवडत नाही. दव पडलं की मादी पिल्लावळ घेऊन खडीच्या रस्त्यावर अंग वाळवायला येते आणि तेव्हाच ती मोजता येते. दव नसेल तर सगळी मंडळी गवतात आरामात पडून राहतात आणि मोजणारा नुसते कुंपणाचे खांब बघत घरी येतो. आता भरपूर म्हणजे किती, हे खात्याने सांगितलेलं नाही. ते मी ठरवलं. कापडी बूट घालायचे, रस्त्याकडेच्या गवतात वीस पावलं चालायचं, पायाच्या बोटांना ओल लागली तर मोजायचं. नाही लागली तर घरी जाऊन अंडी तळायची. खात्यातल्या शिकलेल्या पोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण यापेक्षा बरी पद्धत त्यांच्याकडेही नव्हती.

माझी थोरली बहीण व्हर्डा शेजारच्याच घरात राहते. नवरा गेल्यापासून हंगामात वरच्या चार खोल्या ती शिकाऱ्यांना देते. तिला फेझंटमध्ये आजवर रस होता तो पक्षी मलईत शिजायला किती वेळ लागतो एवढ्यापुरताच. पण मी सांगतोय त्या वर्षी जुलैपासूनच ती रोज सकाळी कुंपणापाशी येऊन उभी राहायला लागली. काल किती दिसले, पिल्लं मोठी आहेत का, मागच्या वर्षी या दिवसांत किती होते. एकदा तर तिने गारांनी अंडी फुटतात का असंही विचारलं. मला वाटलं, म्हातारपणी हिला पक्ष्यांचा नाद लागला.

मग मी तिच्या खिडकीला नवे पडदे बघितले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ओहायोहून सहा जणांची एक टोळी अकरा वर्षं तिच्याकडे उतरते. त्यांचा म्होरक्या रस्टी नावाचा एक आडदांड माणूस आहे. सप्टेंबरचा अंदाज वाचून कुठे जायचं ते तोच ठरवतो आणि बाकीचे मान डोलावतात. त्या बाकीच्यांत वेंडेल क्रोल आहे. हा रेल्वेचा निवृत्त सिग्नलवाला. बोलतो कमी, आणि नेम त्याहून कमी. अकरा वर्षांत त्याच्या बंदुकीने आमच्या तालुक्यातला एकही पक्षी पडलेला नाही. एकदा पवनचक्कीचं पातं पडलं होतं, त्याबद्दल त्याने शेतमालकाची दोनदा माफी मागितली. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली. आदल्या ऑक्टोबरात निघताना त्याने व्हर्डाच्या स्वयंपाकघराचं कुरकुरणारं दार न सांगता दुरुस्त केलं होतं, आणि त्या दाराबद्दल व्हर्डा अख्खा हिवाळा बोलत होती.

"फोन कर की त्याला," मी म्हटलं.

"कोणाला?"

"ज्याच्यासाठी पडदे लावलेस त्याला."

"पडदे जुने झाले होते," ती म्हणाली. "आणि काय म्हणून फोन करू? मी खोल्या देते, ऑर्लिन. खोल्या देणारी बाई गिऱ्हाइकाला फोन करून विचारत नाही, या वर्षी येताय ना म्हणून. पक्षी असले तर येतील. नसले तर रस्टी सगळ्यांना कॅन्ससला नेईल."

ती सदुसष्ट वर्षांची आणि मी चौसष्टचा. तिला चिडवण्यात माझं सगळं आयुष्य गेलंय, त्यामुळे मी तेव्हाही गप्प बसलो नाही. पण तिचा चेहरा बघून मला जरा वाईटही वाटलं. या बाईचा ऑक्टोबर आता माझ्या वहीवर अवलंबून होता.

त्यात ते वर्ष कोरडं. जूनपासून पाऊस नाही, रात्री उकाडा, गवत वाळून पिवळं. मोजणी पंधरा ऑगस्टपर्यंत संपवायची असते. मी रोज पहाटे उठून वीस पावलं चालत होतो आणि कोरड्या पायांनी परत येत होतो. एक, दोन, करता करता बारा पहाटा गेल्या. कॅफेत लोकांनी पैजा लावायला सुरुवात केली. केस कापणारा क्लिफर्ड नागेल म्हणाला की माझे बूट बादलीत बुडवून ठेवावेत, म्हणजे सगळेच सुटतील. हा क्लिफर्ड गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुखही आहे. ते दल म्हणजे तो, इतर सात स्वयंसेवक आणि पाण्याची एक जुनी लाल गाडी.

चौदा तारखेच्या पहाटे मी गवतात उतरलो आणि पाचव्या पावलाला माझे पाय चिंब झाले. विसाव्या पावलापर्यंत बुटांतून पचपच आवाज यायला लागला. आनंदाने मी एकटाच मोठ्याने हसलो. गाडीत बसलो, वही उघडली आणि निघालो.

पहिल्या मैलात एकही पक्षी नाही. दुसऱ्या मैलात नाही. तिसऱ्यात एक ससा दिसला, तोही पळून चाललेला. इतक्या दवात एक मादी रस्त्यावर येऊ नये, हे मला सव्वीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. मला वाटलं, दुष्काळाने सगळे मेले.

मग मी जेन्सनच्या टपालपेटीपाशी थांबलो. पेटीच्या तोंडातून पाणी गळत होतं आणि खाली चांगलं डबकं साचलं होतं. दव पेटीच्या आत पडत नाही. मी खाली उतरून बघितलं, तर खडीवर रुंद टायरांच्या ताज्या खुणा होत्या. पुढच्या वळणावर अग्निशमन दलाची लाल गाडी चरात एक चाक रुतवून तिरकी उभी होती. क्लिफर्ड चाकाखाली फळी सारत होता. मागच्या पायरीवर, चर्चला जाताना घालायच्या रेनकोटमध्ये, हातात नळीचं तोंड धरून माझी बहीण उभी होती.

मी गाडी बंद केली.

"शुभ सकाळ," क्लिफर्ड म्हणाला.

"आग कुठे लागली?" मी विचारलं.

क्लिफर्डने व्हर्डाकडे बघितलं. त्याला तिने दोन कस्टर्डचे केक कबूल केले होते, हे मला नंतर कळलं. दोन केकसाठी या माणसाने दुष्काळात गावचं आग विझवायचं पाणी साडेचार मैल गवतावर उडवलं होतं.

"मी तुला खोटं लिही म्हणत नव्हते," व्हर्डा म्हणाली. तिच्या टोपीवरून पाणी ठिबकत होतं. "पक्षी आहेत तेवढेच मोज. मी फक्त त्यांना बाहेर बोलावत होते."

"पहाटे चारला, या धुडाच्या आवाजात?" मी म्हटलं. "व्हर्डा, मी फेझंट असतो तर एव्हाना नेब्रास्का गाठलं असतं."

तिला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. तिने नळीचं तोंड खाली ठेवलं आणि पायरीवर बसली. एवढ्या मोठ्या रेनकोटात ती मला एकदम लहान दिसली. मग मी चिडवणं थांबवलं, आणि आम्ही तिघांनी मिळून गाडी बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. रात्री जरा गारवा आला होता आणि पहाटे माझ्या बोटांना कशीबशी ओल लागली. भरपूर म्हणता आलं नसतं, पण माझ्या नियमात ते बसत होतं. मी व्हर्डाचं दार ठोठावलं आणि म्हटलं, चल, आज तू बघ आणि मी लिहितो. तिची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. शिवाय आकडा काय येतो तो तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघावा असं मला वाटलं. नंतर माझ्याशी भांडायला जागा उरली नसती.

ती खिडकीची काच खाली करून बसली. सहाव्या मैलावर पहिली मादी दिसली, मागे चार पिल्लं. व्हर्डाने बोटांवर मोजून सांगितलं, मी लिहिलं. मग एक नर, एकटाच, गळ्यातला पांढरा पट्टा मिरवत. मग बराच वेळ काही नाही. विसाव्या मैलापुढे, नाल्याकाठच्या उंच गवतापाशी, दोन पिल्लावळी एकदम दिसल्या तेव्हा तिने माझा दंड घट्ट धरला. पण अशा जागा थोड्याच होत्या. शेवटच्या मैलात दूर रस्त्यावर तपकिरी काहीतरी बसलेलं होतं. सूर्य समोर होता आणि मला नीट दिसत नव्हतं. तिथे मादी आहे असं ती म्हणाली असती तर मी मादी लिहिली असती, आणि तिच्या मागे सहा पिल्लं म्हणाली असती तर तीही लिहिली असती.

ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"ढेकूळ आहे," ती म्हणाली. "लिहू नकोस."

एकूण अडतीस झाले. आदल्या वर्षी सत्त्याण्णव होते. परत येताना सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मला ती वही गाडीच्या खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली. मी ती खात्याला पाठवली.

सप्टेंबरात रेडिओवर अंदाज सांगितला. आमच्या भागात पक्षी निम्म्याहून कमी, दुष्काळामुळे पिल्लं जगली नाहीत, शिकाऱ्यांनी फार आशा ठेवू नये. आठवड्याच्या आत रस्टीचं कार्ड आलं. यंदा आम्ही कॅन्ससला, कळावं. व्हर्डाने कार्ड वाचलं, वरच्या खोल्यांतल्या चादरी काढून घडी घातल्या आणि कपाटात ठेवल्या. कॅफेत त्या दिवशी बुटांबद्दल कोणी मला काही विचारलं नाही. क्लिफर्डने फुकट केस कापून दिले. तेव्हा मला कळलं की व्हर्डा कोणाची वाट बघत होती हे सगळ्या गावाला माहीत होतं.

हंगाम उघडतो तो शनिवारी दुपारी बारा वाजता. एरवी त्या दिवशी आमच्या रस्त्यावर गाड्या लावायला जागा नसते. त्या वर्षी मी आणि व्हर्डा तिच्या स्वयंपाकघरात बसून घड्याळ बघत होतो. तिने सवयीने चूल पेटवली होती आणि सवयीनेच सहा माणसांचे बटाटे उकडले होते. मी त्यावर काही बोललो नाही, हे माझ्या नावावर जमा व्हावं.

बाराला पाच मिनिटं कमी असताना बाहेर गाडी थांबली. ओहायोची पाटी. वेंडेल क्रोल उतरला, दारात आला, टोपी काढली आणि उभा राहिला.

"बाकीचे कुठे आहेत?" व्हर्डाने विचारलं. हाताला दुसरं काम नव्हतं म्हणून तिने चमचा उचलला.

"कॅन्ससला."

"मग तुम्ही इकडे कसे? तुम्ही अंदाज ऐकला नाही का? पक्षी नाहीत. मी स्वतः मोजलेत, अडतीस आहेत. तीस मैलांत अडतीस. एवढ्या लांब येऊन तुम्हाला काहीच मिळायचं नाही."

"ऐकला," वेंडेल म्हणाला. "रस्टीने मोठ्याने वाचूनही दाखवला." तो टोपी हातात फिरवत राहिला. त्याला एवढं एका दमात बोलायची सवय नव्हती. "पाच वर्षं मी असा अंदाज यायची वाट बघत होतो. दर वर्षी पक्षी भरपूर. दर वर्षी आम्ही सहा जण टेबलाशी, आणि तुम्ही चुलीपाशी. वाढता, भांडी उचलता, पुन्हा वाढता. तुम्हाला बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. म्हटलं, एखादं वर्ष वाईट आलं की आपण एकटंच जावं."

चुलीवरच्या बटाट्यांना उकळी येत होती. व्हर्डाने चमचा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. माझ्या जिभेवर चार-पाच चांगल्या गोष्टी आल्या होत्या, त्या मी गिळल्या.

तिने एप्रनची गाठ सोडली, एप्रन माझ्या हातात दिला, खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. मी बटाटे वाढायला घेतले.