भोयांनी मेणा खाली ठेवला

महिपती दांगट सर जाऊन सोळा दिवस झाले, तरी कर्वेनगरातल्या 'सुखदा' सोसायटीत त्यांचं अक्षर तळमजल्यावर ठाण मांडून बसलं होतं. लिफ्टसमोरच्या भिंतीवर काळा फळा आणि त्यावर पांढऱ्या खडूनं लिहिलेल्या अकरा ओळी. सर रोज सकाळी साडेसहाला खाली येत, कालचं पुसत आणि आजचं लिहीत. ज्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं, त्या सकाळीही त्यांनी लिहिलं होतं. ते कुणी पुसलं नाही.

वर 'भाग सहावा' असं अधोरेखित केलेलं. मजकुराची शेवटची ओळ अशी: 'राजमाता जत्रेहून परतल्या. भोयांनी मेणा नव्या पायऱ्यांपाशी आणला, खाली ठेवला आणि हात जोडले.' आणि उजव्या कोपऱ्यात, गेली अकरा वर्षं रोज असायची तशी, एक बारीक ओळ: 'फळ्याला टेकू नये.'

सरांची मुलगी शेफाली वाघोलीला राहायची आणि पाठ्यपुस्तकांचं संपादन करायची. वडिलांचं घर आवरायला ती येऊन राहिली होती. नातेवाइकांसमोर ती रडली नाही. त्यांच्यातल्या दोघींना ते खटकलंही. रडण्याऐवजी तिनं वडिलांची पुस्तकं काढली आणि फळ्यावरच्या गोष्टीतल्या राजाचा शोध सुरू केला.

राजाची गोष्ट आख्ख्या इमारतीला पाठ होती. एका राजानं गडाच्या महादरवाजाला काळ्या दगडाच्या नव्याकोऱ्या पायऱ्या बांधल्या. त्या इतक्या सुंदर झाल्या की त्यानं हुकूम काढला: ओझं वाहणाऱ्यांनी या पायऱ्यांवर पाऊल ठेवू नये, त्यांनी मागच्या कड्यावरून चढावं. पाणी, लाकूड, धान्य, सगळं कड्यावरून येऊ लागलं. गडावर सगळे म्हणाले, पायऱ्या फार छान दिसतात.

ही गोष्ट फळ्यावर सुरू झाली ती लिफ्टशेजारी पाटी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी. पाटी अशी होती: 'घरकामास येणाऱ्या महिला व इतर कामगार यांनी नव्या लिफ्टचा वापर करू नये. जिना स्वच्छ व हवेशीर आहे. आदेशावरून, अध्यक्ष.'

अध्यक्ष म्हणजे विश्वजीत पायगुडे. सिमेंट-वाळूचा धंदा, वय सेहेचाळीस. सोसायटी उभी होती ती जमीन एके काळी त्याच्या आजोबांची, आणि त्यामुळे आपण इथे राहत नसून इतरांना राहू देतो आहोत, असा त्याचा चेहरा असायचा. सातवीत असताना सर त्याला इतिहास शिकवायचे. सभेत सरांनी पाटीला विरोध केला, तेव्हा इतिवृत्तात 'नोंद घेतली' एवढंच आलं. मग राजा फळ्यावर आला. विश्वजीत रोज सकाळी तो वाचायचा. त्याचे कान लाल व्हायचे, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. तक्रार करायची तर आधी कबूल करावं लागलं असतं की तो राजा आपणच.

सर गेल्यावर मात्र त्यानं ठरवलं, की रविवारी फळा उतरवायचा आणि तिथं जाहिरातींचा टीव्ही लावायचा. शेफालीला त्यानं हे फार सौम्यपणे सांगितलं. फळा घरी न्यायचा असेल तर पोचवायची व्यवस्थाही करतो म्हणाला.

गोष्ट अर्धीच राहिली तर पाटी कायमची राहील, हे शेफालीला कळत होतं. निदान शेवट तरी शोधावा म्हणून तिनं दोन दिवस बखरी चाळल्या, गडांची वर्णनं चाळली, बोरूनं लिहिल्यासारख्या अक्षरातल्या सरांच्या टिपणवह्या पालथ्या घातल्या. असा राजा कुठेही नव्हता. ज्या माणसानं उभ्या जन्मात लाल शाईनं एकच शब्द सगळ्यात जास्त वेळा लिहिला, 'संदर्भ?', त्याची ही गोष्ट. वसतिगृहातून तिनं एकदा पत्रात लिहिलं होतं, इथलं जेवण वाईट आहे. उत्तरात तिचंच पत्र परत आलं होतं, समासात तो शब्द लिहून.

"चहा गार झाला, ताई," तुळजाबाई म्हणाली. ती बावीस वर्षं सरांचा स्वयंपाक करत होती. आता जेवायला सर नव्हते, तरी ती रोज येत होती आणि कुणी तिला येऊ नको म्हटलं नव्हतं. साठीची बाई, सुजलेले गुडघे, सहावा मजला.

"मध्ये बसतेस का गं चढताना?"

"तिसऱ्यावर बसते की. तिथं लई हवेशीर हाय."

शेफालीनं हातातली वही मिटली.

"तुळजाबाई, राजाचं पुढे काय झालं ते अण्णांनी तुला कधी सांगितलं?"

"मला न्हाई. चौथ्या मजल्यावर जा. कौशल्याबाईंस्नी इचारा. गेल्या महिन्यात दोघं खाली उन्हात बसून काहीतरी खलबत करायचे. मी जवळ गेले की गप."

कौशल्याबाई म्हणजे विश्वजीतची आई. ब्याऐंशी वर्षांच्या, चाकांच्या खुर्चीत, बुद्धी कोयत्यासारखी. त्यांची देखभाल करायला हिरा नावाची मुलगी होती. खुर्ची ढकलत हिरा लिफ्टमधून ये-जा करायची आणि पाटी लागली तरी सगळे तिकडे काणाडोळा करायचे.

शेफालीला पाहून कौशल्याबाई म्हणाल्या, "आलीस का. सोळा दिस वाट बघतीये."

"काकू, गोष्टीचा शेवट काय आहे?"

"मला काय ठाव?"

"अण्णांनी तुम्हाला सांगितला नाही?"

"त्यांनाच ठाव न्हवता. मी म्हणलं, सर, भोयांनी मेणा खाली ठेवला की तुम्ही थांबा, पुढचं मी आणि हिरा बघतो. विशू काय करतो ते बघा न् मग लिवा. तर म्हणाले, बरोबर, घडल्याशिवाय कसं लिहिणार." बाईंनी पदरानं ओठ टिपले. "आणि मग सोताच गेले. माणसानं दिलेला शब्द मोडायचा तरी कसा, ते या सरांकडनं शिकावं."

दारात उभी असलेली हिरा खाली मान घालून हसली. शेफालीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग जे आलं ते तिनं खिडकीबाहेर बघत गिळलं.

"उद्या शनिवार," कौशल्याबाई म्हणाल्या. "विशू घरी असतो."

शनिवारी सकाळी हिरानं त्यांना खाली कोवळ्या उन्हात बसवलं. साडेनऊला खुर्ची आत आणली, लिफ्टसमोर थांबवली, ब्रेक लावला आणि हात जोडले. कौशल्याबाईंनी जपमाळ काढली. गेनबा वॉचमन इंटरकॉमकडे गेला.

"साहेब, खाली या. आईसाहेब अडकल्यात."

"लिफ्ट बंद पडली का?"

"न्हाई. लिफ्ट चालू हाय. नियम बी चालू हाय."

विश्वजीत कानात इअरफोन घालूनच उतरला. तोवर दुधाची पिशवी घेतलेले दोघे, फिरून आलेले तिघे आणि कुठेही न निघालेले सहा-सात जण तिथं जमले होते. शेफाली फळ्याला पाठ करून उभी होती, टेकली मात्र नव्हती.

"हिरा, हा काय प्रकार आहे?"

"नियम पाळतीये, साहेब."

"अगं, तो तुझ्यासाठी नाही."

"पाटी दोनदा वाचली. माझं नाव वगळलेलं दिसलं न्हाई."

"मग आईला जिन्यानं नेणार आहेस का?"

"जिना हवेशीर आहे," कुणीतरी शुद्ध पुस्तकी उच्चारात म्हणालं. विश्वजीतनं वळून पाहिलं. शेफाली छताचा पंखा न्याहाळत होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी नेतो."

आणि त्यानं नेलं. जिना चढून हिरा वरच्या दारात त्यांच्या आधी हजर होती. दहा वाजता कौशल्याबाईंची चप्पल खालीच राहिल्याचं आठवलं, आणि चप्पल त्यांना स्वतः बघून घ्यायची होती. पावणेअकराला त्यांना ऊन पुरेसं मिळालं नाही असं वाटलं. साडेअकराला औषधाच्या दुकानातल्या पोराला दोन शब्द सुनवायचे होते. प्रत्येक वेळी विश्वजीतनं खुर्ची ढकलली. चौथ्या खेपेला त्याच्या एका खांद्यावर आईची पिशवी, दुसऱ्यावर उशी, काखेत पाण्याची बाटली होती आणि इअरफोन गळ्यात लोंबत होता. गेनबा नोंदवही घेऊन आडवा आला.

"साहेब, नोंद करायची का?"

"कसली नोंद?"

"ओझं घेऊन वर निघालाय. कामाला कुणाकडं आलात ते लिवायचं असतंय."

कौशल्याबाईंनी जपमाळ पिशवीत ठेवली.

"लिही, पायगुड्यांकडं," त्या गेनबाला म्हणाल्या. मग मान वळवून लेकाला म्हणाल्या, "विशू, ही लिफ्ट हाय ना, हितंच गोठा होता. मी गवताचे भारे आणायची डोक्यावरनं. तवा मला पायरीवर कुणी अडवलं न्हाई. पायरीच न्हवती म्हणून. असती तर तुझ्या आज्यानं अडवलं असतं."

आता कुणी हसत नव्हतं. विश्वजीतची नजर समोरच्या फळ्यावर गेली. शेवटची ओळ त्यानं ओठ हलवत वाचली, सातवीत शेवटच्या बाकावर बसून वाचायचा तशी.

"गेनबा," तो म्हणाला, "पेचकस आण."

पाटी चार स्क्रूंवर होती. तीन निघाले. चौथा गंजला होता, तो हलेना. विश्वजीतनं दोनदा जोर लावला, कपाळ पुसलं आणि नाद सोडला. पाटी एका कोपऱ्यावर लोंबकळत राहिली आणि तिच्यावरचा मजकूर वाचायचा तर मान वाकडी करावी लागत होती.

तेवढ्यात कोथिंबिरीची जुडी घेऊन तुळजाबाई दारातून आली. तिनं पाटीकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं आणि सवयीनं जिन्याकडे वळली.

"अहो, बाई," विश्वजीत म्हणाला. त्यानं लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. "कितवा मजला?"

"बावीस वर्षं सहावाच हाय," तुळजाबाई म्हणाली आणि आत गेली.

दुपारी तळमजला रिकामा झाला तेव्हा शेफाली ओलं फडकं आणि खडूचा डबा घेऊन खाली आली. फळ्याचे तिनं मोबाइलवर सात फोटो काढले होते. सगळे स्पष्ट होते. त्यातल्या एकाही फोटोत 'भोयांनी' मधल्या 'भो'वर खडू तुटल्याचा तो छोटा ठिपका नीट येत नव्हता.

तिच्या मागोमाग तुळजाबाई आली होती.

"राहू द्या की, ताई. दुसऱ्या फळ्यावर लिवा. तारेनं टांगू."

शेफालीनं विचार केला. मग तिच्या डोळ्यांसमोर आला तो दुसऱ्या फळ्यावरचा शेवट आणि पहिल्यावरची न संपणारी अर्धी गोष्ट, आणि समासातला लाल शब्द. अण्णांनी अकरा वर्षांत एक दिवसही कालचं ठेवलं नव्हतं.

"त्यांना आवडणार नाही," ती म्हणाली.

तिनं वरून पुसायला सुरुवात केली. 'भाग सहावा' गेला, जत्रा गेली, राजमाता गेल्या. मेण्यापाशी हात थांबला. तुळजाबाई उगाच जिन्याच्या कठड्यावरची धूळ बघू लागली. मग मेणाही गेला. उजव्या कोपऱ्यातल्या बारीक ओळीपाशी मात्र फडकं वळलं आणि तिला वळसा घालून गेलं.

खडू हातात घेतल्यावर तिला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही.

'भाग सातवा. राजा म्हणाला, एवढंच ना? आणि त्यानं मेण्याचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला. दुसरं टोक प्रधानानं धरलं, कुरकुरत. पहिल्याच पायरीवर पहारेकऱ्यानं भाला आडवा केला. म्हणाला, ओझं वाहणाऱ्यांना मज्जाव आहे. राजा म्हणाला, मी राजा आहे. पहारेकरी म्हणाला, असाल. पण खांद्यावर दांडा आहे. मेण्यातून राजमाता म्हणाल्या, बाळा, कडा तिकडे आहे. राजानं कड्याकडे पाहिलं. मग आपल्या खांद्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्या पायऱ्या झिजू लागल्या. झिजलेल्या पायऱ्याही छान दिसतात.'

रविवारी सकाळी ती खाली आली तेव्हा टीव्हीवाला खोकं घेऊन उभा होता आणि विश्वजीत फळ्यापुढे. त्याचा एक हात फळ्याच्या चौकटीवर होता. सगळं वाचून झाल्यावरही तो तसाच थांबला होता.

"शेफालीताई," मान न वळवता तो म्हणाला, "सर असते तर विचारलं असतं. याला संदर्भ काय?"

"शनिवार, सकाळी साडेनऊ, तळमजला. साक्षीदार चौदा. नोंद गेनबाच्या वहीत आहे."

तो नाकातून हसला. टीव्हीवाल्यानं खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"साहेब, हा फळा काढू ना?"

विश्वजीतचं लक्ष उजव्या कोपऱ्याकडे गेलं होतं. तिथलं अक्षर वेगळं होतं, जुनं. त्यानं ते वाचलं आणि चौकटीवरचा हात मुकाट्यानं खाली घेतला.

"नको," तो म्हणाला. "आणि जरा लांब उभे राहा. टेकायचं नाही इथं."