न लागणारा कॉल

सुलक्षणाने कणकेने बरबटलेला हात तसाच ठेवून कोपराने फोन उलटा केला. पुन्हा तोच नंबर, युगांडाचा. पुन्हा व्हॉट्सअॅपचाच कॉल. तिने करंगळीने तो उचलला. ‘कनेक्टिंग’ एवढंच दिसत राहिलं आणि कॉल तुटला. सकाळपासून हेच चाललं होतं.

इथे व्हॉट्सअॅपवर मेसेज येतात, कॉलना सरकारी बंदी, ते लागत नाहीत. हे शारजातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिची मुलगी शर्वाणी तर इथेच जन्मली, वाढली. युगांडाला गेल्यापासून ती बोटिम अॅपवरच बोलायची. म्हणजे फोन करणारी शर्वाणी नव्हती. आणि शर्वाणीचा स्वतःचा फोन परवापासून बंद होता.

“तिच्याऐवजी दुसरं कुणी का फोन करेल?” तिने नवऱ्याला विचारलं.

प्रल्हाद सोफ्यावर बसून साइटवरच्या फोरमनला मेसेज करत होता. त्यानेही त्या नंबरावर साधा फोन लावून पाहिला होता, लागला नव्हता.

“रेंज नसेल गं. खेडं आहे ते. येईल फोन, इन्शाल्ला.”

“इन्शाल्ला तुमच्या क्लायंटला सांगा. मला नको.”

दुबईतली चांगली नोकरी सोडून मुलीने मसाका शहराजवळच्या एका खेड्यात सहा महिने बायकांच्या बचत गटाचं काम करायचं ठरवलं, तेव्हा सुलक्षणा आठवडाभर धड जेवली नव्हती. घरी चहाचा कप न विसळणारी ही पोर तिथे चुलीपाशी बसून कच्ची केळी सोलतानाचे फोटो पाठवायची. ‘मॉम, आय अॅम फाइन. दे फीड मी लाइक क्रेझी,’ म्हणायची. सुलक्षणाला ते पटायचं नाही. तिला मलेरिया दिसायचा, साप दिसायचा, उलटलेली मोटरसायकल दिसायची. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं.

फोन वाजला. या वेळी व्हॉइस मेसेज होता. बाईचा आवाज, भरभर बोलणारा, मधेच अडखळणारा. एक शब्द कळेल तर शपथ. फक्त ‘शर्वाणी’ तेवढं कळलं. ते नाव पुन्हापुन्हा येत होतं. शेवटी ती बाई रडायला लागली.

प्रल्हादने हातातला फोन बाजूला ठेवला.

“हॅरिएट,” ती एकदम म्हणाली आणि कणकेच्या हातांनीच चपला घालून निघाली.

समोरच्या सुपरमार्केटच्या दारात हॅरिएट सिक्युरिटीला असायची. ती युगांडाची. शर्वाणी तिकडे गेल्यापासून सुलक्षणा तिच्याशी उगाचच दोन शब्द बोलायची, जणू तेवढंच मुलीच्या जवळ गेल्यासारखं. हॅरिएटने टोपी मागे सारून फोन कानाला लावला. सुलक्षणा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वाळलेल्या पिठाने बोटं ताठली होती.

“युवर डॉटर इज ओके, मॅडम.”

“पक्का?”

“पक्का, पक्का.”

सुलक्षणाने ट्रॉल्यांच्या रांगेला हात टेकला. तिला हसू आलं आणि रडूही आलं. हॅरिएटने मेसेज पुन्हा लावला आणि थांबवत थांबवत इंग्रजीत तिला सांगितला.

“शर्वाणीची आई, तुझी मुलगी बरी आहे. तिचा फोन विहिरीत पडला. सोमवारच्या बाजारात नवा घेईल. अडीअडचणीला म्हणून तिनेच तुझा नंबर मला देऊन ठेवलाय. आता ती पाण्याला गेलीय, म्हणून मी चोरून बोलतेय. ‘माझी आई आधीच काळजीने अर्धी होते, तिच्यावर आणखी काही घालू नका,’ असं ती म्हणते. ती माझ्याकडे जेवते, माझ्या धाकटीजवळ झोपते. ताप आला होता तेव्हा मी तिच्या उशाशी बसले. माझी थोरली डोरीन तुमच्या देशात एका घरी कामाला आहे. खलिफा सिटी म्हणतात. ईस्टरपासून तिचा आवाज नाही. तू तिच्या जवळ राहतेस. जा, तिचं तोंड बघून ये.”

“ताप आला होता?” सुलक्षणा म्हणाली.

हॅरिएटने फोन परत दिला. “आमच्याकडे बाईला असंच बोलावतात, मॅडम. मुलांच्या नावानं.”

“आमच्याकडेही.”

तेवढ्यात त्याच नंबरावरून फोटो आला. निळ्या युनिफॉर्ममधली हसरी मुलगी, मागे मोठं फाटक, भिंतीवर रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर.

घरी प्रल्हादने सगळं ऐकून मोठा श्वास सोडला. “खलास! मिटलं ना?”

“मिटलं कुठे?”

“अगं, कुणाच्या व्हिलाची बेल वाजवून तुमची कामवाली दाखवा म्हणणार? कोण आपण तिचे? उद्या त्यांनी कंप्लेंट केली तर? तिलाच त्रास झाला तर?”

त्याचं चूक नव्हतं. तीच तर पंचाईत होती. ती सिंकवर बराच वेळ हात धूत राहिली. मग तिने तो नंबर सेव्ह करायला घेतला. बाईचं नाव कळलंच नव्हतं. तिने ‘डोरीनची आई’ असं टाइप केलं आणि कढईत बेसन भाजायला घेतलं.

रविवारी गाडी प्रल्हादनेच काढली. एवढ्या लांब तिला एकटीला सोडायची त्याची छाती नव्हती, आणि नको म्हणायचीही नव्हती. दोनेक तासांनी ते अबू धाबीच्या खलिफा सिटीत शिरले. फोटोतलं फाटक सापडलं तेव्हा त्याने गाडी जरा पुढे, झाडाच्या सावलीत लावली.

“कुणी विचारलं तर काय सांगशील?”

“तिच्या आईनं लाडू पाठवलेत म्हणेन.”

“बेसनाचे?”

ती उतरली. डबा काखेत धरून फाटकापर्यंत आली. वरच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. फाटकाशी पाणी न घातलेली एक कुंडी होती. सगळं सामसूम. डोरीन बाजारात गेली असेल, गच्चीवर कपडे वाळत घालत असेल. नाहीतर. त्यापुढे तिने स्वतःला विचार करू दिला नाही.

पर्समध्ये फोन वाजला. व्हॉट्सअॅप. ‘डोरीनची आई’.

हा कॉल लागणार नाही, हे तिला माहीत होतं. तिने तरी तो उचलला, कानाला लावला.

“पोचले गं मी,” ती मराठीतच म्हणाली आणि दुसऱ्या हाताने बेल दाबली.

आत कुणाच्या तरी चपला वाजल्या. सुलक्षणाने फोन कानापासून काढला नाही.