कोणीतरी वाकलं नाही

कॉलेजच्या खानावळीत दुपारी जेवायला बसल्यावर पहिल्या वर्षाच्या सगळ्यांचे फोन एकदम थरथरले. वर्गप्रतिनिधी क्वाक मुन्सूचा निरोप होता. संध्याकाळी तास संपले की सगळ्यांनी छोट्या व्यायामशाळेत हजर राहायचं, सीनियरांनी बोलावलंय. आपल्यातलं कोणीतरी एका सीनियरसमोरून न वाकता निघून गेलंय.

बोंग सोराने निरोप वाचला आणि तोंडातला भात तोंडातच राहिला. ते कोणीतरी आपणच, याबद्दल तिला शंका नव्हती.

क्रीडा विभागाचा नियम साधा होता. सीनियर कितीही लांब दिसला तरी जागच्या जागी थांबायचं, कमरेतून वाकायचं आणि नाव, वर्ष खड्या आवाजात सांगायचं. सीनियर ओळखायचे ते निळ्या जाकिटावरून. पण इथे मार्चमध्येही थंडी असे, काही जण जाकिटावर कोट चढवत, आणि मग पंचाईत होई. पहिल्या आठवड्यात सोरा दिसेल त्याच्यापुढे वाकली. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीपुढेही वाकली, तेव्हा रांगेतली पोरं पोट धरून हसली. त्यानंतर ती जरा बघून वाकायला लागली.

सोमवारी वाचनालयाच्या पायऱ्या चढताना करड्या कोटातली एक मुलगी समोरून उतरत आली. सोरा अडखळली. वाकावं की नाही हे ठरेपर्यंत ती मुलगी शेजारून निघूनही गेली. सोराने मागे वळून पाहिलं तेव्हा कोटाखालून निळ्या जाकिटाची कड दिसत होती. धावत जाऊन माफी मागता आली असती. ती गेली नाही.

"कोण असेल गं ही महाराणी?" समोर बसलेली चा येरी म्हणाली. येरी तिच्याच खोलीत राहायची. ती भरभर जेवत होती, पण ताटाकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मुलगीच कशावरून?"

"मुलगा असता तर मुन्सूने नावासकट छापलं असतं. मुलींचा त्याला फार कळवळा."

"चुकून झालं असेल एखादीचं."

"चुकून? तिच्या चुकीपायी गुडघे आपले फुटणार. कळू तर दे कोण आहे ते. वर्षभर तिच्याशी कोणी बोललं तर बघ."

सोराने मान हलवली आणि तोफूचा रस्सा उगाच ढवळत बसली. या शहरात तिच्याशी बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते समोर बसून हे बोलत होतं. सोरा एका बेटावरून आलेली, तिथे सगळे सगळ्यांना ओळखत. बाप समुद्रातून खायचं शेवाळ काढून वाळवायचा, शेजारीही तेच करायचे. बोटीतून अनोळखी कोणी उतरलं तर लोक आधी विचारत, कुणाकडे आलात? इथे विचारायची सोय नव्हती.

दुपारच्या तासाला प्राध्यापक स्नायूंबद्दल काय सांगत होते ते तिच्या कानापर्यंत पोचलं नाही. बेटावर परत जायला बस कितीची, शेवटची बोट सापडेल का, असले हिशोब डोक्यात फिरत राहिले. तास सुटल्यावर तिने मुन्सूला जिन्यात गाठलं.

"मुन्सू, ते निरोपातलं... मला वाटतं ते मी—"

"थांब." त्याने दोन्ही हात वर केले. "मला सांगू नकोस. मला कळलं की मला वर सांगावं लागणार. उठायचं तर तिथे सगळ्यांसमोर ऊठ, नाहीतर गप्प बस."

"कोणी उठलंच नाही तर?"

"गेल्या वर्षी नव्हतं उठलं. एवढं पळवलं म्हणे, की एकाचा घोटा कायमचा गेला." तो दोन पायऱ्या उतरून थांबला. "आणि मला विचारलं तर आपण बोललोच नाही."

व्यायामशाळेत पहिल्या वर्षाची मुलं लाकडी जमिनीवर गुडघे टेकून ओळीत बसली. समोर सीनियर हात मागे बांधून उभे राहिले. सगळ्यांच्या अंगात निळी जाकिटं होती आणि करडा कोट कुठेच दिसत नव्हता. मधे उभा असलेला मा तेहो चौथ्या वर्षाचा, बुटका आणि बोलायला फार मऊ.

"मी ओरडणार नाही," तो म्हणाला. "मला ओरडायला आवडत नाही. ज्याने केलं त्याने उभं राहावं. नाहीतर सगळे पळतील."

कोणी हललं नाही. शेजारी येरीचा श्वास जोरात चालला होता. सोराच्या मांड्या बधिर झाल्या. उठलं तर येरी बोलायची बंद होईल, आणि नाही उठलं तर कुणाचा तरी घोटा जाईल. तेहो वाट बघत होता. त्याला घाई नव्हती, आणि तेच तिला सोसवेना. ती उठली ती धीट झाली म्हणून नव्हे. तिला आता बसवत नव्हतं, इतकंच.

"बोंग सोरा, पहिलं वर्ष."

"कोणासमोर?"

"नाव माहीत नाही. करडा कोट होता. सोमवारी, वाचनालयाच्या पायऱ्यांवर."

सीनियर एकमेकांकडे बघू लागले. कडेची एक मुलगी म्हणाली, "करडा कोट माझा. पण ही मला दिसलीच नाही. मी फोनवर होते."

तेहोने सोराकडे नीट पाहिलं. "मी विचारतोय ते गुरुवारचं. पोहण्याच्या तलावापाशी."

तिने फुकटच आपल्या गळ्यात फास अडकवून घेतला होता. मागून एक मुलगा चाचरत उठला. "तलावापाशी मी होतो, सर. पण मंगळवारी."

कोणाला तरी हसू फुटलं आणि तिथेच दबलं. मग सोराच्या अगदी शेजारी हालचाल झाली. येरी उभी राहत होती.

"चा येरी, पहिलं वर्ष. गुरुवारी मी होते."

"अजून कोणी?" तेहोने विचारलं. मागच्या ओळीत आणखी दोघं उठली. आता काय करायचं ते त्यालाही क्षणभर सुचेना, असं दिसलं. मग त्याने घसा खाकरला. "सगळे पळा. थांबा म्हणेपर्यंत."

थांबा म्हणायला त्याने भरपूर वेळ घेतला. घोटा कोणाचा गेला नाही. एका मुलाला मात्र दाराशी उलटी झाली.

वसतिगृहाच्या चढावर येरी भराभर पुढे गेली आणि सोरा येईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तू कशाला उठलीस?"

"मला वाटलं मीच."

"तू नसतीस उठली, तर मीही बसून राहिले असते. सगळ्यांना पळू दिलं असतं. कळतंय का तुला?"

ती आभार मानतेय की दोष देतेय, हे सोराला उमगेना. ती काही बोलणार, तेवढ्यात येरीने तिची बाही घट्ट धरली. वळणावरच्या दिव्याखालून निळं जाकीट त्यांच्याकडेच येत होतं. दोघी जागच्या जागी थांबल्या आणि वाकल्या.

"बोंग सोरा, पहिलं वर्ष."

"चा येरी, पहिलं वर्ष."

पावलं त्यांच्यासमोर येऊन थांबली. "उभे राहिलेले सगळे उद्या उजाडायच्या आत मैदानावर," मुलीचा आवाज आला. तो करड्या कोटवालीचा होता की दुसऱ्या कोणाचा, हे मान खाली असल्याने कळायला मार्ग नव्हता. पावलं उतारावर लागली. सोरा सरळ व्हायला गेली, तर येरीने बाही खाली ओढली.

"अजून नको," ती कुजबुजली. "मागे वळून बघत असेल ती."