कोपऱ्यावरची परदेशी बँक

पिकतं तिथं विकत नाही, हे लुपेला कोणी शिकवायची गरज नव्हती. सामोआच्या राजधानीत, आपियात, तिची वकिली चांगली चालत होती, निम्म्या बेटाचे करारमदार तिच्या हातचे, आणि घरच्या करारासाठी पेतेलो काकांनी वकील बोलावली ती ऑकलंडहून. तीही कोण, तर रुता! लुपेची चुलत बहीण. जन्म न्यूझीलंडचा, शिक्षण न्यूझीलंडचं, आणि सामोअन बोलायला लागली की वाक्याच्या मधेच थांबून शब्द शोधत बसणारी. लुपे तिला तो शब्द लगेच पुरवायची, तोही असा की भोवतालच्यांना हसू यावं.

काका घराण्याचे माताई, म्हणजे प्रमुख. जमीन कोणी कसायची, भांडण कसं मिटवायचं, कोणाच्या लग्नात किती चटया द्यायच्या, सगळं त्यांच्या शब्दावर. आता ते थकले होते आणि हयातीतच हा मान कोणाच्या तरी हाती सोपवायचं म्हणत होते. त्याला घराण्याच्या सगळ्या शाखांचा होकार लागतो. एकीनं जरी नकार दिला तरी प्रकरण कोर्टात जाऊन कुजत पडतं. रुताचे वडील वारल्यापासून त्यांच्या शाखेचा शब्द रुताकडे होता.

लुपेला तो मान हवा होता. उगाच मानभावीपणा कशाला, हवाच होता. काकांना दवाखान्यात कोणी नेलं? काकू गेल्या तेव्हा सगळं कोणी निभावलं? आणि महिन्यापूर्वी ही रुता विमानातून उतरली, तेव्हापासून काका तिला शेजारी बसवून तासन्‌तास कुजबुजत होते. लुपे कोको घेऊन गेली की दोघं गप्प. 

करार होता समुद्रकाठच्या जागेचा. घराण्यानं पर्यटकांसाठी तिथं चार झोपड्या बांधल्या होत्या, त्या वाढवायला एक सरकारी महामंडळ जागेच्या भाडेपट्ट्याच्या तारणावर कर्ज देणार होतं. सोमवारी सह्या. मसुदा रुतानं तपासून ठीक आहे म्हटलं होतं. शनिवारी काकांनी तो लुपेकडे सरकवला.

"उगीच एकदा नजर टाक," म्हणाले.

उगीच! मांजर उंदराच्या बिळावर टाकतं, तशी नजर लुपेनं त्या कागदांवर टाकली. आणि व्याख्यांच्या पानावर तिला हवं ते सापडलं.

परदेशी बँक म्हणजे दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली स्थापन झालेली बँक, आणि अशा बँकेची सामोआतली शाखासुद्धा. पुढं कलम होतं : महामंडळाच्या लेखी संमतीशिवाय परदेशी बँकेत खातं ठेवलं, तर करार मोडला असं समजून जागेचा भाडेपट्टा महामंडळाकडे जाईल.

घराण्याचं खातं कोपऱ्यावरच्या बँकेत होतं. ती ऑस्ट्रेलियातल्या बँकेची शाखा, पण हे गावात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आजोबांच्या काळापासून ती तिथं होती. शर्यतीच्या होडीला वल्ही तिनं दिलेली, तिचा मॅनेजर चर्चमध्ये मागच्या बाकापाशी उभा राहून बेसूर गायचा. तिला परदेशी कोण म्हणेल?

लुपेनं रुताला फोन करायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. फोन हातात घेतलाही होता. पण मग रुता गुपचूप दुरुस्ती करून मोकळी झाली असती आणि काकांना कळलंही नसतं. तिनं फोन खाली ठेवला. उद्या रविवारचं जेवण होतं आणि जेवणाला सगळ्या शाखा येणार होत्या.

चर्चहून परतल्यावर सगळे पांढऱ्या कपड्यांतच मांडी घालून चटयांवर बसले. तापल्या दगडांवर भाजलेला तारोचा कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली त्याचीच पानं, मासे, सगळं आधी वडीलधाऱ्यांपुढे गेलं. काकांच्या उजव्या हाताला अर्थातच रुता. लुपेनं तारोचा तुकडा मोडला, पण तोंडात न घालता हातातच धरला.

"काका, उद्या सह्या करू नका," ती मोठ्यानं म्हणाली. "आपलं खातं परदेशी बँकेत आहे. करार पहिल्याच दिवशी मोडेल आणि किनारा जाईल."

"कुठली परदेशी बँक?" काकांनी विचारलं.

"कोपऱ्यावरची."

सगळे हसायला लागले.

"मला रुतानं विचारलं होतं, परदेशी बँकेत खातं आहे का," काका म्हणाले. "मी म्हटलं, छे! अगं, त्या बँकेच्या माणसांनी माझ्या बापाला खांदा दिलाय."

"कायदा खांदा बघत नाही, काका. जन्म कुठं झाला ते बघतो. कितीही वर्षं इथं राहा, इथली चटणीभाकर खा, जन्म बाहेरचा तर तुम्ही बाहेरचे." लुपे आता काकांकडे बघतच नव्हती, रुताकडे बघत होती. "आणि बाहेरच्याच्या हाती घरच्या किल्ल्या देऊ नयेत, एवढंच तो करार सांगतो."

हसणं थांबलं. बँकेबद्दल हे बोलणं नव्हतं, हे पोरांनासुद्धा कळलं. रुताची मान खाली गेली. लुपेला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात म्हाताऱ्या तालाई आत्यानं माशाचा काटा दातांतून काढला.

"अगं लुपे, तुझा जन्म तरी कुठला? तुझी आई पागो पागोला मासळीच्या कारखान्यात होती ना तेव्हा? तो तर अमेरिकेचा मुलूख! म्हणजे तूही बाहेरचीच की गं बाई!"

पुन्हा हशा पिकला. लुपेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी तान्ही असतानाच इथं आले!"

"मग बँक काय म्हातारी होऊन आली होती?"

एकटे काका हसले नाहीत. त्यांनी हात धुतले, पुसले.

"पोरी, तू किनारा वाचवलास. चूक माझी होती, हिची नव्हे," ते म्हणाले. "पण हे हिच्या कानात सांगता आलं असतं. महिनाभर मी हिच्यापाशी काय कुजबुजत होतो, ठाऊक आहे? माताईच्या मानासाठी तुझं नाव. तुझ्या बापानं हिच्या बापाला जमिनीवरून घराबाहेर काढलं होतं, ते हिला विसरता येत नव्हतं. काल संध्याकाळी कशीबशी हो म्हणाली. आज जेवण झालं की मी जाहीर करणार होतो."

लुपेनं हातातला तारो खाली ठेवला.

"महामंडळाची लेखी संमती मी उद्याच घेते, काका," रुता हळूच म्हणाली. "सह्या त्यानंतर करू."

"आणि तुझी संमती? कालची आहे ना अजून?" काकांनी तिला विचारलं.

रुतानं तोंड उघडलं आणि नेहमीसारखी अडखळली. सगळे थांबले. सवयीनं दोघातिघांनी लुपेकडे पाहिलं, आता ही शब्द पुरवील म्हणून. लुपेला शब्द ठाऊक होता. पण आज तो तिला पुरवता येत नव्हता. रुता चटईकडे बघत शब्द शोधत राहिली, आणि तिला तो सापडावा म्हणून लुपेनं पहिल्यांदाच मनापासून देवाचा धावा केला.