मान सैल सोडा

माझी बायको गेल्याचं मला पाण्यात असताना कळलं. पोहण्याच्या तलावात कंबरभर पाण्यात कडेची दांडी धरून उभा होतो. त्या सकाळी ती म्हणाली होती, "तुम्ही व्हा पुढे, मला जरा गरगरतंय. बरं वाटलं की येते." थोड्या वेळाने तलावावरचा जीवरक्षक काठाशी आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. एरवी तो लांबूनच ओरडणारा माणूस. तो खाली बसला तेव्हाच मी समजलो.

"काका, वर या. तुमच्या मुलीचा फोन आहे."

ओल्या चड्डीवरच पँट चढवून हॉस्पिटलात गेलो. बाकावरून उठलो तेव्हा खाली पाण्याचा डाग होता. बराच वेळ मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

माझा जन्म गॅरेजात गाड्यांखाली गेला. गुडघे कामातून गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा. मी टाळत होतो, हिनेच ओढून नेलं. सकाळच्या ज्येष्ठांच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांना तिनेच घराबाहेर काढलं होतं. पाण्यात चालणं मला जमलं. पाठीवर तरंगणं जमेना. ती पाठीखाली तळवा धरायची आणि म्हणायची, "मान सोडा. डोकं तुमचं नाही, माझं आहे असं समजा." हात काढला की मी बुडायचो.

"नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नसतं," मी सांगायचो. "ठोकळा लागतोच."

"मग मी ठोकळा का?" ती हसायची. "सोमवारी हात काढणार म्हणजे काढणार!"

तो सोमवार आलाच नाही.

मी तलावावर जाणं सोडलं. गुडघे पुन्हा धरले, जिना बसून उतरायची पाळी आली. मुलगी म्हणायची, "बाबा, आईने एवढं केलं ते वाया घालवू नका." मी उद्या म्हणायचो.

एक दिवस बॅचमधल्या हवालदार बाई घरी आल्या. त्यांनी पोलिसात कधी नोकरी केली नाही. आवाजामुळे हे नाव पडलं.

"भावजी, मी समजूत काढायला आलेली नाही. चहा टाकू नका. काम आहे."

"माझ्याकडे कसलं काम?"

"नवीन गृहस्थ आलेत. न्हावी होते, दुकान मुलाला दिलंय. घरी बसून बसून पाठ आखडली. पायरी सोडत नाहीत आणि बाईमाणसाचा हात धरायला लाजतात. ताई असत्या तर बकोटीला धरून नेलं असतं. बॅचमध्ये पुरुष म्हणावा असा तुम्हीच."

"बाकीचे?"

"ते गप्पा मारायला येतात."

गेलो. न्हाव्याला खांद्याला धरून पाण्यात आणलं, आडवं केलं, पाठीखाली तळवा धरला. माणूस हलका, पण मान लाकडासारखी.

"मान सैल सोडा," मी म्हणालो.

"अहो, हे वाक्य माझं आहे!" तो छताकडे बघत म्हणाला. "जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. तेही हातात वस्तरा घेऊन. लोक सोडत कसे होते हो?"

माझ्या तोंडातून निघालं ते तिचं वाक्य: "डोकं तुमचं नाही, माझं आहे असं समजा."

हळूहळू त्याचे कान पाण्यात गेले. माझ्या तळव्यावरचं वजन कमी झालं. मी हात काढला. तो तरंगत होता. हवालदार बाईंनी अशी आरोळी ठोकली की तो दचकून उभाच राहिला आणि खोकत हसायला लागला.

"आता तुम्ही," तो म्हणाला. "मी धरतो. डोकी धरायचा अनुभव आहे मला."

मी आडवा झालो. त्याचा हात बरोबर तिथेच लागला, जिथे तिचा लागायचा. तो काहीतरी बोलत होता, ते पाण्यातून नीट ऐकू येईना. माझी मान सुटली नाही. मी उभा राहिलो आणि तोंडावर पाणी मारलं.

आता मी रोज जातो. जिना उभ्याने उतरतो. नवीन कुणी आलं तर हात मी धरतो. मला स्वतःला पाठीवर तरंगायचं अजून राहिलंय.